चिकांडा: झांबियातल्या आमरीचे कंद निवडण्यापासून शिजवण्या-लावण्यापर्यंत

झांबियात कुणाकडे जेवायला गेलात आणि ताटात तपकिरी, लवचिक, मिरचीचे ठिपके असलेले काप आले, तर मांस समजून बाजूला सारू नका. तो चिकांडा. 'आफ्रिकन पोलोनी' या नावानंही तो विकला जातो, कारण कापल्यावर दिसतो पोलोनी सॉसेजसारखा. पण त्यात मांसाचा कणही नसतो. शेंगदाणे, मिरची, मीठ, थोडा खार आणि जमिनीत वाढणाऱ्या आमरीचे म्हणजे ऑर्किडचे कंद, एवढ्यावर तो होतो. उत्तर आणि ईशान्य झांबियातल्या बेम्बा लोकांचं हे जुनं खाणं. आता मात्र लुसाका आणि किटवेच्या बाजारांत सगळेच ते विकत घेऊन खातात.

नोकरी-व्यवसायानिमित्त झांबियात किंवा शेजारच्या देशांत राहणाऱ्या आणि तिथल्या बाजारात हे कंद पाहून 'याचं करायचं काय?' असा प्रश्न पडलेल्या मराठी माणसांसाठी हा लेख आहे. भारतात बसून ज्यांना असा पदार्थ करून पाहायचा आहे, त्यांच्यासाठी आमरीच्या कंदाशिवायची कृतीही पुढे दिली आहे. सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. यातला प्रत्येक कंद रानातून उपटलेला असतो आणि एक कंद म्हणजे बहुतेक वेळा एक झाड. त्यामुळे खाली दिलेली प्रत्येक पायरी, खरेदीपासून शिजवण्यापर्यंत, कंद कमीत कमी लागेल आणि एकही वाया जाणार नाही या बेताची आहे.

आधी झाड समजून घ्या

चिकांडा एकाच जातीपासून होत नाही. आमरीच्या कुळातल्या डिसा, सॅटिरियम आणि हॅबेनेरिया या तीन वंशांतल्या कितीतरी जाती त्यासाठी खणल्या जातात. डिसा रोबुस्टा आणि सॅटिरियम ब्युकॅननाय ही त्यांतली जाणकारांच्या तोंडी असलेली नावं. सॅटिरियम ब्युकॅननायला पांढऱ्या, सुगंधी फुलांचा उभा तुरा येतो. यांतल्या बऱ्याच जाती 'डांबो' म्हणतात त्या जागी वाढतात. डांबो म्हणजे रानाच्या मधोमध असलेला सखल गवताळ पट्टा. पावसाळ्यात तिथं पाणी साठतं आणि कोरड्या दिवसांत जमीन भेगाळते.

झांबियात पाऊस साधारण नोव्हेंबर ते एप्रिल. मे ते ऑगस्ट थंड आणि कोरडे, सप्टेंबर-ऑक्टोबर तापलेले. आमरीचं सगळं आयुष्य या वेळापत्रकाला बांधलेलं आहे. पाऊस आला की कंदाचा कोंब वर येतो, पानं फुटतात, तुरा येतो, फुलं येतात. हे चालू असतानाच झाड जमिनीखाली दुसरा कंद भरत असतं. पाऊस सरला की वरचं सगळं वाळून जातं, जुना कंद आकसून संपतो आणि नवा कंद पुढच्या पावसाची वाट पाहत कोरड्या मातीत पडून राहतो.

फुलावर आलेलं झाड खणलं की म्हणूनच खाली दोन कंद दिसतात. एक काळसर, सुरकुतलेला, दाबला तर पोकळ लागणारा. दुसरा फिकट, घट्ट, रसरशीत. खायला घेतात तो दुसरा. म्हणजे ताटात येतो तो त्या झाडाचा पुढच्या वर्षीचा जीव. कित्येक ठिकाणी नवा कंद काढून घेऊन जुना पुन्हा मातीत लोटतात. त्यामुळे फार तर शेंगा पिकून बी पडायला थोडी सवड मिळते, पण हंगामाच्या शेवटी रिकामा झालेला कंद पुढच्या वर्षी फुटेल ही आशा धरण्यात अर्थ नाही.

बियांचीही अडचण आहे. आमरीच्या एका शेंगेत धुळीइतक्या बारीक हजारो बिया असतात, पण बीजात साठवलेलं अन्न जवळजवळ नसतं. मातीतली विशिष्ट बुरशी त्या बीजात शिरली आणि तिनं त्याला पोसलं, तरच ते रुजतं. ज्वारी-मक्यासारखं बी पेरून चिकांड्याचं शेत उभं राहत नाही ते यामुळे. बाजारातला माल रानातूनच येतो आणि झांबियातली जवळची रानं ओस पडत गेली तसा तो लांबून येऊ लागला. 2000 नंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत टांझानियाच्या दक्षिणेकडच्या डोंगराळ भागातून दरवर्षी 20 लाखांहून जास्त, कदाचित 40 लाखांपर्यंत कंद झांबियात जात असल्याचा अंदाज अभ्यासकांनी मांडला होता. त्याच भागातलं किटुलो पठार 2005 साली राष्ट्रीय उद्यान झालं. समुद्रसपाटीपासून सुमारे 2,600 मीटर उंचीवरच्या या पठारावर जमिनीत वाढणाऱ्या आमरीच्या 45 जाती आहेत. तिथले लोक त्याला 'बुस्तानी या मुंगू' म्हणजे देवाची बाग म्हणतात. प्रामुख्यानं फुलझाडांसाठी राष्ट्रीय उद्यान जाहीर व्हावं, हे आफ्रिकेच्या उष्ण प्रदेशात तिथं प्रथम घडलं.

हे वाचून तुम्ही चिकांडा खायचाच नाही असं ठरवलंत, तर मला ते पूर्ण पटेल. पण बेम्बा घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या पदार्थाला दोष देणं मला पटत नाही. घरापुरते चार कंद काढणाऱ्या बाईमुळे रान संपत नाही. शहरांच्या भुकेसाठी पोत्यांनी माल उचलला जातो, त्यामुळे संपतं. म्हणून थोडा घ्या, नीट घ्या, आणि एकदा केलेला पदार्थ वाया जाऊ देऊ नका.

बाजारात काय घ्यावं, काय टाळावं

कंद तीन रूपांत मिळतात: ताजे, वाळवलेले आणि पूड. ताजे कंद फळीवर छोटे ढीग करून मांडलेले असतात. आकार अंगठ्याएवढ्या गोटीपासून लहान बटाट्यापर्यंत. साल तपकिरी, कधी बारीक तंतू असलेली. आतला गर पांढरा. नखानं ओरखडा काढला की बोटाला बुळबुळीत चिकटा लागला पाहिजे. हा चिकटाच चिकांड्याचा प्राण आहे. तो नसेल तर काप धरणार नाहीत. मऊ पडलेले, आंबूस वासाचे, आत काळे झालेले कंद घेऊ नका. सुरकुतलेले आणि पोकळ लागणारे कंद कुणी मिसळले असतील तर तेही निवडून बाजूला ठेवायला सांगा. ते गेल्या वर्षीचे, संपलेले असतात आणि त्यांत चिकटा उरलेला नसतो.

अगदी लहान, हरभऱ्याएवढे कंद विकायला आले असतील तर ते घेऊ नयेत. ती अजून एकदाही न फुललेली झाडं असतात. चार गिऱ्हाइकांनी ती नाकारली की पुढच्या वेळी ती रानातच राहण्याची शक्यता वाढते.

पूड घेणं सोयीचं, पण तिच्यात मक्याचं किंवा कसाव्याचं पीठ मिसळायला वाव असतो. घरी तपासायचं असेल तर एका पेल्यात गार पाणी घ्या, चमचाभर पूड हळूहळू भुरभुरवत ढवळा आणि वीस मिनिटं तसंच ठेवा. चांगली पूड फुगून पाणी दाट, ओढलं तर तार धरणारं करते. पीठ जास्त असेल तर खाली पांढरा थर बसतो आणि वर पाणी मोकळं राहतं. आयोडिनची चाचणी इथं उपयोगाची नाही, कारण आमरीच्या कंदात स्वतःचा थोडा स्टार्च असतोच आणि रंग दोन्हीकडे निळा-काळा येईल.

आणि स्वतः रानात जाऊन खणायच्या फंदात पडू नका. याची दोन कारणं. एक तर कुठली जात दुर्मीळ आहे हे फुलाशिवाय ओळखणं कठीण. दुसरं कारण जास्त गंभीर आहे. आपली कळलावी, म्हणजेच अग्निशिखा, आफ्रिकेतही सर्रास वाढते. झिम्बाब्वेचं ते राष्ट्रीय फूल आहे. तिच्या कंदात कोल्चिसिन हे प्राणघातक विष असतं. कळलावीचा कंद लांबट, काटकोनात वळलेल्या दांड्यासारखा आणि आमरीचा गोलसर, हा फरक ताज्या, अखंड कंदात दिसतो. तुकडे झाले, माती लागली, की तो दिसेनासा होतो. शिजवल्यानं हे विष जात नाही. म्हणून कंद नेहमी ओळखीच्या, वर्षानुवर्षं तेच विकणाऱ्या बाईकडून आणि अखंडच घ्यावेत.

कंदांची पूड

ताजे कंद पाण्यात अर्धा तास भिजत ठेवा म्हणजे माती सुटते. मग पाणी दोन-तीनदा बदलून चोळून धुवा. साल सुरीनं खरवडून काढा. जाड सोलू नका, गर वाया जातो. पातळ चकत्या करून सुपात किंवा जाळीवर एकेरी पसरा आणि कडक उन्हात वाळवा. कोरड्या दिवसांत दोन-तीन उन्हं पुरतात. चकती वाकवली की कट्‌कन मोडली पाहिजे. किंचितही लवत असेल तर पूड साठवणीत बुरसते.

वाळलेल्या चकत्या उखळात कांडून बारीक चाळणीनं चाळा. झांबियात हे काम लाकडी उखळ-मुसळानंच होतं. मिक्सर वापरायचा असेल तर थांबून थांबून फिरवा, कारण भांडं तापलं की पूड ओलसर होऊन पात्याला चिकटते. चाळणीवर राहिलेला रवा टाकू नका, पुन्हा कांडा. पूड कोरड्या बरणीत झाकून ठेवली तर कित्येक महिने टिकते.

शेंगदाण्याचं पीठ

इथं आपल्या स्वयंपाकाची सवय बाजूला ठेवावी लागते. आपला कूट भाजलेल्या दाण्यांचा. चिकांड्याला दाणे कच्चे लागतात. कच्च्या दाण्याचं पीठ पाण्यात शिजताना दाट, दुधाळ होतं आणि आमरीच्या चिकट्यात एकजीव मिसळतं. भाजलेल्या कुटाचं तेल सुटून वर येतं आणि काप तेलकट, भुसभुशीत होतात.

दाणे निवडताना आळस नको. बुरशी आलेले, आकसलेले, रंग बदललेले दाणे काढून टाका. अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष दाण्यांत असू शकतं आणि तेही शिजवल्यानं नाहीसं होत नाही. निवडलेले दाणे बारीक दळा, पण तेल सुटेपर्यंत नाही. लालसर टरफल काढलं तर रंग फिका येतो, ठेवलं तर गडद. दोन्ही चालतं.

खार: याच पायरीवर सगळं ठरतं

चिकांड्यात खायचा सोडा घालतात. पूर्वी राखेचं गाळलेलं पाणी घालत. पुष्कळांना वाटतं सोडा फुगण्यासाठी असतो. तसं नाही.

आमरीच्या कंदातला चिकटा म्हणजे ग्लुकोमॅनन नावाचा पदार्थ. साखरेच्या रेणूंच्या लांबच लांब साखळ्या, आणि त्यांना ठिकठिकाणी चिकटलेले अ‍ॅसिटिल नावाचे छोटे गट. हे गट असेपर्यंत साखळ्या पाण्यात सुट्या राहतात, म्हणून नुसती खळ होते. खार आणि उष्णता एकत्र मिळाली की ते गट गळून पडतात, साखळ्या एकमेकींना धरतात आणि त्यांची जाळी तयार होते. ही जाळी एकदा बसली की पुन्हा तापवलं तरी वितळत नाही. चिकांड्याचे काप तळता येतात, रश्श्यात उकळता येतात, ते यामुळेच. जपानी लोक कोन्याकू करताना नेमकी हीच गोष्ट चुन्यानं साधतात आणि कोन्याकूचा कंद आपल्या सुरणाचा सख्खा नातेवाईक आहे.

यातून स्वयंपाकाला लागू पडणाऱ्या तीन गोष्टी निघतात. सोडा घातल्यावर मिश्रण नीट तापलं पाहिजे, नुसतं कालवून भागत नाही. शिजताना टोमॅटो, लिंबू, चिंच असं आंबट काही घालायचं नाही, कारण आंबट खाराला मारतं. आणि सोडा जास्त झाला तर साबणाची चव येते, ती पुढे कशानंही झाकत नाही.

प्रत्यक्ष कृती

सहा-सात माणसांसाठी एक वाटी आमरीची पूड, दोन वाट्या कच्च्या दाण्यांचं पीठ, चार वाट्या पाणी, एक सपाट चमचा खायचा सोडा, एक चमचा मीठ आणि झेपेल तेवढं लाल तिखट घ्या. तिखट दीड-दोन चमचे तरी हवंच. फिका चिकांडा कुणाला आवडल्याचं ऐकिवात नाही. आणखी एक वाटी पाणी शेजारी गरम ठेवा. पूड किती जुनी, किती बारीक, यावर पाणी कमीजास्त लागतं. दाणे दोन वाट्यांऐवजी अडीच घेतले तरी काप धरतात, म्हणून मी शक्य तिथं दाण्यांकडेच झुकतं माप देण्याच्या मताची आहे.

जाड बुडाच्या पातेल्यात पाणी उकळा. दाण्यांचं पीठ, मीठ, तिखट घालून मंद आचेवर दहा-पंधरा मिनिटं शिजू द्या. दुधासारखं उतू जाण्याचा याला नाद असतो, तेव्हा जवळून हलू नका. कच्च्या दाण्याचा उग्र वास गेला की सोडा दोन चमचे पाण्यात विरघळवून घाला. फेस वर येईल, रंग झरझर तपकिरीकडे वळेल. घाबरू नका, हे होणारच.

आता आच कमी करून एका हातानं आमरीची पूड भुरभुरवत राहा आणि दुसऱ्या हातानं लाकडी डावानं सतत ढवळा. एकदम ओतलीत तर बाहेरून चिकट आणि आतून कोरड्या गुठळ्या होतील. त्या फुटत नाहीत. शेवटची मूठ पडेपर्यंत मिश्रण इतकं घट्ट होतं की दोघांनी आळीपाळीनं घोटावं लागतं. पातेल्याच्या कडा सोडून गोळा एकत्र फिरू लागला की ढवळणं थांबवा. त्याआधीच फार घट्ट वाटलं तर शेजारचं गरम पाणी थोडं थोडं घाला.

गोळा पातेल्यातच ओल्या डावानं दाबून वरून सपाट करा आणि झाकण ठेवा. झांबियात शेगडीवर कोळशाची मंद आच ठेवून झाकणावरही निखारे घालतात, म्हणजे वरखाली सारखी ऊब लागते. गॅसवर करताना पातेल्याखाली तवा ठेवा आणि अगदी मंद आचेवर चाळीस-पंचेचाळीस मिनिटं राहू द्या. ओव्हन असेल तर झाकलेलं भांडं 160 अंशांवर तेवढाच वेळ. खालून किंचित खरपूस लागलेला थर पुष्कळांच्या आवडीचा असतो, पण करपू देऊ नका.

झालं की नाही हे बोटानं कळतं. मधोमध दाबल्यावर खड्डा लगेच भरून आला आणि बोट कोरडं निघालं, तर झालं. बोटाला चिकटत असेल तर आणखी दहा मिनिटं. मग आच बंद करून पातेल्यातच पूर्ण गार होऊ द्या. ही वाट पाहणं टाळू नका. कोथिंबीर वडीचा उंडा गरम असताना कापला की जसा तुटतो, तसाच हाही तुटतो. गार झाल्यावर ओल्या सुरीनं बोटभर जाडीचे काप करा.

एन्शिमा म्हणजे मक्याच्या घट्ट पिठाच्या गोळ्याबरोबर हे काप खातात, किंवा नुसतेच, चहाबरोबरही. भाकरी आणि पालेभाजीबरोबरही छान लागतात. फ्रिजमध्ये झाकून तीन-चार दिवस राहतात. उरलेले थोड्या तेलावर दोन्ही बाजूंनी परतले की ताज्याहून चविष्ट होतात, असं माझं मत आहे. कांदा-टोमॅटोच्या रश्श्यातही सोडता येतात. जाळी आधीच बसलेली असल्यानं आता आंबटाची भीती नाही.

बिघडलंच तर

काप धरतच नसतील, चमच्यानं वाढावे लागत असतील, तर तीनपैकी एक कारण असतं: पुडीत भेसळ, सोडा जुना होऊन निकामी झालेला, किंवा पाणी जास्त. अशा वेळी आणखी आमरीची पूड ओतण्याआधी पाव चमचा ताजा सोडा पाण्यात विरघळवून घाला आणि झाकून पुन्हा अर्धा तास शिजवा. बऱ्याचदा तेवढ्यानं बसतं. तरी नाही बसलं तर तव्यावर पसरून दोन्ही बाजूंनी भाजा. धिरड्यासारखं खाता येतं, फेकायची वेळ येत नाही. काप रबरासारखे चिवट झाले असतील तर पूड जास्त पडली, पुढच्या वेळी दाणे वाढवा.

भारतात करायचा असेल तर

झांबियाहून येताना कंद किंवा पूड पिशवीत टाकून आणायचा विचार करू नका. आमरीचं जवळजवळ सगळं कुळ साइट्स या रानटी प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. त्यामुळे देशाबाहेर नेताना निर्यातीचा परवाना लागतो. शिवाय जिवंत कंद भारतात आणायचे तर वनस्पती संगरोधाच्या नियमांप्रमाणे आयात परवाना आणि रोगमुक्ततेचं प्रमाणपत्रही लागतं.

आणि आपल्या रानातल्या आमरीकडे वळण्याचा मोहही नको. हॅबेनेरिया वंश सह्याद्रीतही आहे. कासच्या पठारावर पावसाळ्यात 'टूथब्रश ऑर्किड' म्हणून लोक जिचे फोटो काढतात, ती त्याच वंशातली. युलोफियाचे कंद आपल्याकडे अमरकंद म्हणून ओळखले जातात आणि आदिवासी भागांत औषधासाठी, खाण्यासाठी वापरात आहेत. सालममिश्रीच्या नावाखाली आमरीचे कंद विकलेही जातात. ज्यांचं ते पिढीजात अन्न आहे त्यांची गोष्ट वेगळी. आपण हौसेखातर त्यात भर घालू नये.

त्याऐवजी कोन्याकूच्या कंदाची पूड घ्या. भारतात ती ऑनलाइन 'कोंजॅक पावडर' या नावानं मिळते आणि ती लागवडीच्या पिकातून येते. अर्धा लिटर गार पाण्यात 20 ग्रॅम पूड रवीनं घुसळत भुरभुरवा आणि वीस मिनिटं फुगू द्या. दुसरीकडे वाटीभर कच्च्या दाण्यांचं पीठ दीड वाटी पाण्यात मीठ-तिखट घालून शिजवून घ्या. ते कोंजॅकच्या खळीत मिसळून मंद आचेवर घोटा. गरम झालं की एक सपाट चमचा सोडा थोड्या पाण्यात विरघळवून घाला आणि भरभर ढवळा. मिनिटभरात घट्ट होऊ लागतं. लगेच तेल लावलेल्या डब्यात दाबून भरा आणि कुकरमध्ये शिट्टी न लावता चाळीस मिनिटं वाफवा. गार करून कापा. आमरीच्या कंदाचा मातकट गंध यात येत नाही, पण लवचिकपणा अगदी जवळचा येतो. एक खबरदारी मात्र घ्या: कोंजॅकची कोरडी पूड कधीही तोंडात टाकू नका, घशात फुगते. लहान मुलांना काप बारीक करून, चावून खाण्याची आठवण करूनच द्या.

झांबियात बाग असेल तर लावून पाहा

बाजारात आणलेल्या ताज्या कंदांतले चार-पाच चांगले निवडून लावणं, हे मला या सगळ्यात सर्वांत मोलाचं काम वाटतं. कंदाच्या वरच्या टोकाला बारीक डोळा असतो. तो शाबूत असलेला, जखम नसलेला कंदच लावायला घ्या. डोळा खरवडला गेला असेल तर तो खायच्या ढिगात जाऊ दे.

किमान वीस सेंटिमीटर खोल कुंडी, खाली भरपूर छिद्रं. मिश्रणात अर्धी जाड नदीची वाळू, बाकी निम्मा-निम्मा पालापाचोळ्याचा कुजलेला भुगा आणि साधी गवताळ जागेतली माती. शेणखत, कोंबडखत अजिबात नको. या झाडांना भुकेल्या जमिनीची सवय आहे. जास्त खतानं कंद कुजतो आणि सोबतची बुरशीही जाते. डोळा वर ठेवून कंद पाच सेंटिमीटर खोल पुरा, वर गवताच्या काड्या पसरा आणि कुंडीवर नाव-तारीख लिहून ठेवा. हे लिहिणं महत्त्वाचं आहे, कारण पुढे कित्येक महिने कुंडी रिकामीच दिसते आणि घरातलं कुणीतरी ती ओतून दुसरं झाड लावतं.

कोरड्या दिवसांत कुंडी सावलीत ठेवा. माती दगडासारखी होऊ नये एवढ्यापुरता महिन्यातून एकदा हलका शिंतोडा पुरे. ऑक्टोबरच्या शेवटी उन्हात आणा. कोंब दिसला की पाणी वाढवा. पावसाचं साठवलेलं पाणी उत्तम, बोअरचं क्षारयुक्त पाणी टाळा. पानांच्या बेचक्यात पाणी साचून राहू देऊ नका, तिथूनच कूज सुरू होते. फुलं आली की एक-दोन फुलांतले परागाचे पिवळे गठ्ठे काडीनं उचलून दुसऱ्या झाडाच्या फुलात टेकवा. शेंगा पिकून तडकू लागल्या की बी त्याच कुंडीच्या मातीवर झटका, कारण लागणारी बुरशी असलीच तर तिथंच असेल.

पानं पिवळी पडू लागली की पाणी कमी करत न्या आणि पुन्हा कोरडी विश्रांती. या विश्रांतीतच, दोन वर्षांतून एकदा, माती बदला. तेव्हा कळेल की एका कंदाच्या जागी बहुधा एकच कंद आहे, क्वचित दोन. ऑस्ट्रेलियातले बागकाम करणारे तिकडच्या कंदवाल्या आमरींवर एक युक्ती वापरतात: वाढीच्या ऐन दिवसांत, जुना कंद अजून भरलेला असतानाच, नवा कंद हलकेच सोडवून वेगळा लावायचा. झाडात जोर असेल तर ते त्याच हंगामात आणखी एक कंद भरतं. आफ्रिकी जातींवर ही युक्ती करून पाहायची तर आधी एकाच कुंडीवर करा, आणि तीही झाड दोन पावसाळे निरोगी वाढल्यानंतरच. कुंडीतले कंद वाढू लागले तर खाण्यासाठी काढायचे ते मधल्या आकाराचे. सगळ्यांत मोठे लावणीला ठेवा, कारण पुढच्या वर्षी हमखास फुलणारे तेच असतात.